पटकथेपासून पातळापर्यंत : पंधरा मिनिटांची फिल्म करताना

आमच्या पहिल्या शॉर्टफिल्मच्या पटकथेची सुरुवात अशी होती : ‘धो धो पाऊस. एसटी थांबते. आजी उतरते.’ लिहायला दहा सेकंद लागले. मग त्याचा हिशेब मांडायला बसलो. पाऊस म्हणजे पाण्याचा टँकर, पंप आणि फवारा धरणारी दोन माणसं. एसटी म्हणजे गाडी, ड्रायव्हर, परवानगी. आजी भिजणार म्हणजे एकसारखी तीन पातळं (नऊवारी साड्या), कारण टेक चुकला की कोरडं नेसवून पुन्हा भिजवायचं. शिवाय पुढची चार दृश्यं ती ओलीच राहणार. आमच्याकडे होते तीन दिवस आणि मित्रांकडून वर्गणीसारखे गोळा केलेले पैसे.

दुसऱ्या दिवशी ती ओळ खोडून लिहिलं : ‘आजी बँकेच्या पायऱ्या चढते. पातळाचा काठ वीतभर ओला, त्यावर चिखल.’ पाऊस पडून गेलाय, आजी पायी आलीय, रिक्षाचे पैसे तिने वाचवलेत, एवढं सगळं त्या काठात आलं. खर्च, एक बादली पाणी.

कॅमेरा कोणता घ्यावा यावर सांगणारे पुष्कळ आहेत. मी दहाएक वर्षं सहायक दिग्दर्शक म्हणून राबलोय, मधूनमधून कपडेपटही सांभाळलाय, त्यामुळे माझा कल कागदाकडे आणि कपड्यांकडे. पहिली फिल्म करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. उदाहरणाला ही आजीचीच फिल्म घेतो.

गोष्ट ठरवताना

ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंतची फिल्म ‘शॉर्ट’ धरतात. तुम्ही तेवढी करू नका. बारा ते पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. त्यात एक माणूस, त्याला हवी असलेली एक गोष्ट आणि मध्ये आलेली एक अडचण मावते. माणसाचं बालपण, त्याचं लग्न, त्याचं म्हातारपण असं सगळं कोंबायला गेलात की दर दीड मिनिटाला नवी जागा, नवे कपडे, नवा मेकअप. शक्य असेल तर गोष्ट एकाच दिवसात घडू द्या. एक दिवस म्हणजे प्रत्येक पात्राला एकच पोशाख. या सोयीची किंमत शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी कळते.

आमची गोष्ट एवढीच : पेन्शन चालू राहावी म्हणून आजी हयातीचा दाखला द्यायला बँकेत येते. जन्मभर शेण-मातीत काम करून अंगठ्याच्या रेषा झिजल्यात, मशीन तिला ओळखत नाही. म्हणजे ती समोर जिवंत उभी आहे आणि मशीन मान्य करत नाही.

लिहायला घेण्याआधी चौकशी करा. आम्ही बँकेत काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, ‘अरे, अंगठा नाही लागला तर कागदी दाखलाही चालतो.’ गोष्टच कोसळली. दोन दिवस तोंडं पाडून बसलो. मग लक्षात आलं, की कागदी दाखला चालतो हे आजीला कुणी सांगतच नाही, ही जास्त खरी गोष्ट आहे. खिडकीमागच्या माणसाला माहीत आहे, पण रांग मोठी आहे आणि जेवणाची सुट्टी जवळ आली आहे. पहिल्या मसुद्यात तो नुसता खडूस होता, आता त्याला भूक लागली.

दुसऱ्याच्या कथेवर फिल्म करायची असेल तर लेखी परवानगी आधी घ्या. भारतात साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे ‘जुनी कथा आहे, कोण विचारतंय’ हे चालत नाही. वारस शोधावे लागतात. फोनवरचं ‘हो हो, करा की’ पुरेसं नाही. स्वतःची पटकथा असेल तर मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद होऊन ती ऑनलाइन नोंदवता येते.

पटकथा : कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहा

प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर चार गोष्टी हव्यात : क्रमांक, आतलं की बाहेरचं, जागा, वेळ. खाली काय दिसतं ते वर्तमानकाळात. एक पान म्हणजे एक मिनिट हा सगळीकडे सांगितला जाणारा हिशेब ठरावीक इंग्रजी साच्याचा आहे. देवनागरीत, आपापल्या फाँटमध्ये तो जुळेलच असं नाही. त्यापेक्षा मोबाइलवर घड्याळ लावून पटकथा मोठ्याने वाचा, हालचालींच्या जागी खरोखर उठून चाला. आमची ‘बारा मिनिटांची’ पटकथा अशी वाचली तर एकोणीस मिनिटं भरली होती.

पहिल्या मसुद्यात चौथं दृश्य असं होतं :

‘बँकेत गर्दी आहे. आजीला फार अपमान वाटतो. तिला आपलं कष्टाचं आयुष्य आठवतं.’

गर्दी किती माणसांची? अपमान कुठे दिसतो? आठवतं म्हणजे फ्लॅशबॅक का? या तीन वाक्यांवर कुणालाच काम करता येत नाही, ना नटाला ना कॅमेरामनला. चौथ्या मसुद्यात ते असं झालं :

दृश्य ४. आत. बँक. सकाळ.
काचेपलीकडे क्लार्क. आजी मशीनवर अंगठा ठेवते. लाल दिवा.
क्लार्क : पुसून लावा.
आजी अंगठा पदराला पुसते. पुन्हा ठेवते. लाल दिवा.
क्लार्क : जोरात दाबा, आजी.
आजी : दाबलाय की. आता काय भोक पाडू व्हय?
रांगेतला एक जण हसतो. नातू मोबाइलमधून मान वर काढत नाही.
आजी अंगठा तोंडाशी नेते, चष्म्याच्या काचेवर सोडावी तशी वाफ सोडते, पदराला पुसते.

आता सगळ्यांना काम मिळालं. कला विभागाला काच आणि लाल दिव्याचं मशीन आणायचंय, पदर पुसण्याजोगा सुती हवा, रांगेला माणसं हवीत. अपमान शब्दात कुठेच नाही, तो वाफेत आहे.

संवाद लिहिताना बोली हा मोठा खड्डा असतो. पुण्यात बसून साताऱ्याची बोली लिहिली की सगळे ‘काय बी’, ‘न्हाय’, ‘व्हतं’ असं सरसकट बोलायला लागतात, आणि ऐकणाऱ्या गावाला ते तमाशातल्या सोंगाड्यासारखं वाटतं. त्याच भागातल्या बाईला प्रसंग सांगा, ती कशी बोलेल ते तिलाच विचारा आणि रेकॉर्ड करा. ‘भोक पाडू व्हय’ हे आम्हाला सुचलेलं नाही. शेजारच्या काकूंनी तांदूळ निवडता निवडता ते सहज म्हटलं. शिवाय तीच आजी काचेपलीकडच्या माणसाशी वेगळं बोलते, नातवाशी वेगळं. साहेबासमोर ती ‘आहे’, ‘नाही’ म्हणायचा प्रयत्न करते आणि चिडली की सुटते. हा फरक पकडलात तर अर्धा अभिनय कागदावरच झाला.

ब्रेकडाऊन

पटकथा पक्की झाली की रंगीत पेनं घेऊन बसा. पात्रं एका रंगाने अधोरेखित करा, वस्तू दुसऱ्या, कपडे तिसऱ्या, आवाज चौथ्या. मग प्रत्येक दृश्याचा एक कागद : कोण आहे, काय हातात आहे, अंगावर काय आहे, कुठला आवाज लागेल. याला ब्रेकडाऊन म्हणतात. कंटाळवाणं काम आहे, म्हणून नवखे टाळतात आणि मग शूटिंगच्या सकाळी सातला कुणीतरी कापडी पिशवी शोधत गावभर फिरतं.

त्याच कागदावर ‘कथेतला दिवस’ आणि ‘कथेतली वेळ’ हा रकाना हवाच. शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही. बँकेची सगळी दृश्यं एकदम, घराची एकदम. आमचं शेवटचं दृश्य पहिल्या दिवशी सकाळी झालं. तेव्हा आजीचा काठ वाळलेला हवा, चिखल पांढरट पडलेला हवा, आणि ओल्या काठाचं दृश्य अजून दोन दिवसांनी होणार होतं. कागदावर ‘दु. ४, काठ कोरडा, चिखल वाळलेला’ असं लिहिलं नसतं तर त्या गडबडीत कुणाला आठवलं असतं?

रेकी

जागा बघायला जाल तेव्हा दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहा. पिठाची गिरणी, देवळाचा भोंगा, शेजारच्या वर्कशॉपमधला ग्राइंडर, शाळेची मधली सुट्टी. शेताजवळ असाल तर थ्री फेज लाइट किती वाजता येते ते विचारा. लाइट आली की चारी बाजूंच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि मग तुमचा हळवा संवाद गेला. ज्या वेळी शूटिंग करणार त्याच वेळी जा. सकाळी बघितलेली ओसरी दुपारी तीनला वेगळीच असते, ऊन फिरलेलं असतं.

खरी बँक कुणी देणार नाही, मागण्यात वेळ घालवू नका. आम्हाला एका बंद पडलेल्या कार्यालयात काचेचा काउंटर मिळाला. दोन पाट्या रंगवल्या, एक टोकन नंबरचा डबा केला, भिंतीवर कॅलेंडर लावलं (त्याचा महिना गोष्टीतल्या महिन्याशी जुळवला, हे कुणीतरी नेमकं विसरतं). अंगठ्याचं मशीन बंद पडलेलं आणलं, आतला दिवा बाहेरच्या बटणावर घेतला. तो लाल दिवा पेटवायचं काम मी टेबलाखाली उकिडवं बसून केलं.

एसटी स्टँड, सरकारी इमारत, गड-किल्ला, रेल्वे, प्रत्येकाची परवानगी वेगळी आणि लेखी. महाराष्ट्रात सरकारी जागांसाठी एक खिडकी योजना आहे, तिथे अर्ज करता येतो. लहान मुलांबाबत मात्र कायदा स्पष्ट आहे आणि छोट्या फिल्मलाही लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि त्याच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकायची. प्राणी दाखवायचा तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी. आमच्या मूळ पटकथेत एक बकरी होती. हे वाचल्यावर बकरी गेली.

माणसं

दादासाहेब फाळक्यांना १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा त्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना उभं केलं. आपली अडचण त्या मानाने किरकोळ आहे. गावोगावी नाटकवाले आहेत, भजनी मंडळं आहेत, एकांकिका स्पर्धांत घासून निघालेली पोरं आहेत. रंगमंचावरच्या नटाला एकच सांगायचं : शेवटच्या रांगेपर्यंत बोलू नकोस, माइक तुझ्या छातीवर आहे.

नवख्या माणसाला संवाद पाठ करायला देऊ नका. त्याला प्रसंग सांगा आणि हाताला काम द्या. आमच्या आजीने कधी कॅमेरा पाहिला नव्हता. ‘आजी, इथे उदास बसा’ म्हटलं की ती फोटोला बसल्यासारखी ताठ व्हायची. शेवटी तिच्या हातात पासबुक दिलं आणि त्यात कधीची एंट्री आहे ते शोधायला सांगितलं. तिला वाचता येत नाही. ती पानं उलटत राहिली. तो टेक फिल्ममध्ये आहे.

तालमी करा, पण किमान एक तालीम पूर्ण पोशाखात, चपलेसकट. चप्पल बदलली की चाल बदलते.

वेशभूषा : कपडा कुणी घेतला, कधी, आणि किती वेळा धुतला

छोट्या फिल्ममध्ये सगळ्यात दुर्लक्षित खातं हे. ‘घरचेच कपडे घालून या’ असं ग्रुपवर टाकतात आणि मोकळे होतात. मग नट शूटिंग आहे म्हणून आपला सगळ्यात चांगला शर्ट घालून येतो.

भारताला पहिलं ऑस्कर आलं ते वेशभूषेसाठी. मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथैयांना १९८२च्या ‘गांधी’साठी ते जॉन मोलो यांच्यासोबत मिळालं. त्या फिल्ममधलं बहुतेक काम सुती धोतरं, साधी लुगडी, उपरणी, टोप्या यांचंच आहे. झगमगाट म्हणजे वेशभूषा असं ज्यांना वाटतं त्यांनी ती याच नजरेने पुन्हा पाहावी.

प्रत्येक पात्राच्या प्रत्येक कपड्याला तीन प्रश्न विचारा. कुणी घेतला? कधी घेतला? आज हाच का घातला? आमच्या नातवाचा टी-शर्ट गणपती मंडळाने वाटलेला, एक माप मोठा. शाळेची पँट खाली सोडलेली, त्यामुळे जुन्या दुमडीची फिकट रेघ घोट्याच्या वर दिसते. पोरगं वाढतंय आणि नवी पँट घ्यायला पैसे नाहीत, हे त्या रेघेत आहे. क्लार्कचा शर्ट इस्त्रीचा, पण खिशाच्या कडेला शाईचा डाग आणि कॉलरची आतली बाजू घासलेली. आजी बँकेत चाललीय म्हणजे तिने त्यातल्या त्यात बरं पातळ काढलं असणार. घरात नेसते ते नव्हे. (गावात त्याला लुगडंच म्हणतात. पातळ हा माझ्या मावशीचा शब्द, तोच माझ्या तोंडी बसलाय.) म्हणून ते जुनं हवं, पण विटलेलं नको. पेटीत घडी करून ठेवलेल्या कपड्याच्या घडीच्या खुणा त्यावर हव्यात.

नऊवारीबद्दल दोन गोष्टी कळकळीने सांगतो. शिवलेली नऊवारी घेऊ नका. ती नाचाच्या कार्यक्रमाला ठीक. तिच्या निऱ्या सगळ्या एकसारख्या पडतात, आणि जिने उभा जन्म नऊवारी नेसली तिच्या निऱ्या तशा कधीच नसतात. दुसरं, नेसवायला अशी बाई आणा जी स्वतः रोज नेसते, आणि त्याच भागातली, त्याच कामातली. कासोटा किती वर, ओचा किती घट्ट, पदर डोक्यावरून की खांद्यावरून, यावरून गाव, जात, काम, वय सगळं कळतं. कोळणीचं नेसणं, ब्राह्मणी नेसणं, शेतावरच्या बाईचं नेसणं वेगवेगळं. तुम्हाला कळत नसलं तरी बघणाऱ्या बायकांना पहिल्या फ्रेममध्ये कळतं आणि त्या तुमच्यावरचा विश्वास काढून घेतात.

आता कपडा जुना कसा करायचा. आम्हाला शेजारच्या काकूंनी त्यांचं एक सुती पातळ वापरायला दिलं. ओला काठ, कोरडा काठ असे दोन हवे होते म्हणून त्याच रंगाचं दुसरं बाजारातून आणलं. ते नवंकोरं, खळीने कडक. आधी गरम पाण्यात सोडा टाकून दोन-तीनदा धुतलं. खळ गेली, रंग उतरेना. मग मोठ्या पातेल्यात चहापूड उकळली, गाळली (गाळलीच पाहिजे, नाहीतर पूड चिकटून ठिपके पडतात), कोमट होऊ दिली आणि आधी एक कोपरा बुडवून वाळवून पाहिला. ओलं असताना रंग गडद दिसतो, वाळल्यावर उतरतो, म्हणून वाळल्याशिवाय ठरवायचं नाही. मग पूर्ण पातळ एकदम बुडवून हलवत राहायचं. थांबलात की पट्टे पडतात. पॉलिस्टरवर चहा बसत नाही, दुकानदार काहीही म्हणाला तरी धागा जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो, पॉलिस्टरची गोळी होते.

रंग झाला की झीज. सगळीकडे सारखी घासू नका. माणूस कपडा कुठे झिजवतो ते बघा : पातळ टाचेपाशी, पदर जिथे हात पुसले जातात तिथे, शर्ट कॉलरपाशी, पँट गुडघ्यावर आणि बसायच्या जागी. तिथे बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. चिखल हवा तर त्याच गावची माती वापरा. साताऱ्याकडच्या काळ्या रानात लाल माती लावलेला काठ दिसला की तुम्ही फसलात. ओला काठ उन्हात दहा मिनिटांत वाळतो, म्हणून पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून फवारा. कपाळावरच्या घामालाही तेच, चेहऱ्यावर मारताना डोळे मिटायला सांगून.

कॅमेऱ्याच्या स्वतःच्या आवडीनिवडी आहेत. बारीक उभ्या रेघांचा शर्ट पडद्यावर वळवळतो. पांढराशुभ्र सदरा उन्हात नुसता पांढरा डाग होतो, तोंड काळं पडतं. जुने कपडेपटवाले पांढऱ्या धोतर-सदऱ्याला हलकं चहाचं पाणी देत ते याचसाठी. भिंत आणि कपडा एका रंगाचा झाला तर माणूस भिंतीत जातो, म्हणून रेकीत भिंतीचे फोटो काढा आणि कपडे त्यावर धरून बघा. ब्रँडचं ठळक नाव टाळा.

आवाजालाही कपडा त्रास देतो. कडक इस्त्री, खळीचं कापड, नायलॉन, छातीवरच्या माइकवर हे सगळं खरखरतं. मंगळसूत्र माइकवर आपटतं. आमच्या आजीच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या आणि ती प्रत्येक वाक्याला हात हलवायची. पहिल्या दिवसाचं निम्मं रेकॉर्डिंग बांगड्यांचं आहे. काढायला सांगितल्या तर ती म्हणाली, ‘शूटिंगसाठी बोडके हात कोण करतं?’ बरोबर होतं तिचं. साउंडवाल्या मुलाने त्यातल्या दोन-दोन बांगड्या पारदर्शक चिकटपट्टीने जोडल्या. बांगड्या राहिल्या, आवाज गेला. पुढच्या फिल्मपासून आम्ही साउंडवाल्याला कपडे ठरवतानाच बोलावतो.

प्रत्येक दृश्य संपलं की नट कपडे बदलायच्या आत फोटो : समोरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी, हात आणि पाय वेगळे. पदर डाव्या हातात की उजव्या, बाहीची घडी किती, कुंकवाचा आकार. फोटोला दृश्याचा क्रमांक द्या, नाहीतर तीनशे फोटोंत काही सापडत नाही. आणि कपड्यांच्या पेटीत सेफ्टी पिना, सुई-दोरा, चिकटपट्टी, टाल्कम पावडर, इस्त्री, ओले रुमाल, जादा चपला असू द्या.

शूटिंग

आदल्या रात्री शॉट डिव्हिजन, म्हणजे कोणता शॉट कुठून घ्यायचा ते, कागदावर पाहिजे. प्रत्येक दृश्याला एक पूर्ण मास्टर (सगळं दृश्य लांबून, एकाच शॉटमध्ये) घ्या आणि मग जवळचे. वेळ संपत आली तर काय सोडायचं हेही आधीच ठरवून ठेवा. सेटवर ठरवायला गेलात तर भांडणं होतात.

मोबाइलवर करत असाल तर फोकस, एक्स्पोजर, रंगाचं तापमान तिन्ही लॉक करा. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड घेते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. १/५० शटरमध्ये त्याचे बरोबर दोन ठोके मावतात आणि चित्र फडफडत नाही. बँकेसारख्या ट्यूबलाइटच्या जागेत हे विसरलात तर नंतर काढता येणं अवघड. दिवसा घरात शूट असेल तर खिडकी हाच मोठा लाइट, आणि समोर थर्माकोलचा पांढरा पत्रा.

चित्र आणि आवाज नंतर जुळवायला क्लॅप नसेल तर टाळी वाजवा, पण फ्रेममध्ये दिसेल अशी. प्रत्येक जागेचा अर्धा-एक मिनिट नुसता आवाज घ्या, सगळ्यांनी श्वास धरून. एडिटरला दोन संवादांमधली भोकं त्या आवाजानेच बुजवावी लागतात. फ्रिज बंद करायचा असेल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. घरी जाताना आपोआप आठवतं, घरमालकाचं दूध नासत नाही.

जेवण वेळेवर द्या. फाळक्यांच्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत, फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासूनची तांत्रिक कामं करून वर. आपल्याला निदान डबे सांगता येतात. फुकट काम करणाऱ्या माणसाला गार पोहे मिळाले की तिसऱ्या दिवशी त्याचा फोन लागत नाही.

एडिटिंग आणि त्यानंतर

रोज रात्री फुटेजच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरी. पहिला जोड लांबलचक आणि वाईटच असतो, घाबरू नका. चार दिवस बघूच नका. मग अनोळखी माणसाला दाखवा आणि त्याच्याकडे बघत बसा, पडद्याकडे नको. तो मोबाइलला हात कुठे लावतो ते टिपा. आमच्या फिल्मची पहिली दीड मिनिटं अशीच गेली. त्यात सगळ्यात सुंदर सूर्योदय होता.

गाजलेलं गाणं मागे टाकू नका, हक्क घ्यावे लागतात. सिनेमागृहात दाखवायची तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांना पाठवायची तर प्रत्येकाचे नियम वाचा. कित्येकांना आधी नेटवर टाकलेली फिल्म चालत नाही. इंग्रजी सबटायटल्स स्वतः करा किंवा करणाऱ्याशेजारी बसा. ‘भोक पाडू व्हय’चं काय करायचं यावर आम्ही एक संध्याकाळ घालवली.

आणि उसने आणलेले कपडे धुऊन, इस्त्री करून, आठ दिवसांच्या आत परत करा. प्रत्येकाला आतल्या बाजूने नावाची कापडी चिठ्ठी टाका, पहिल्या दिवशीच. आम्ही टाकली नव्हती. काकूंचं पातळ धुऊन, घडी घालून, पेढ्यांसकट परत द्यायला गेलो. त्यांनी घडी उलगडली, काठ बोटांत धरून उजेडात नेला, चहाचा वास घेतला आणि म्हणाल्या, ‘ह्ये माझं न्हाय. माझं लुगडं एवढं जुनं न्हवतं.’